एका लिटरचा हिशेब

कालपासून आमच्या इमारतीत ‘ज्यांच्या गाडीतले एक लिटर कूलंट नाहीसे झाले ते’ अशी माझी ओळख झालेली आहे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, नाहीसे झालेले नव्हते; ते कोठे जायचे राहिले आहे हे मला नेमके ठाऊक होते, आणि अर्ध्या तासाने ते सर्वांच्या देखत जागेवर गेलेही असते, परंतु तोवर देखत असणारे सर्व जण निकाल लावून आपापल्या घरी गेले होते.

कूलंट बदलण्याची मुदत उलटून गेली होती आणि टाकीतला द्रव गंजक्या पाण्यासारखा दिसू लागला होता, एवढे कारण पुरे. इंजिन रात्रभर थंड झालेले होते. रेडिएटरचे झाकण काढून, खाली घमेले सरकवून मी गाडीखाली आडवा झालो. रेडिएटरच्या तळाचा प्लास्टिकचा ड्रेन प्लग हा बोटाच्या पेराएवढा असतो, आणि तो अशा ठिकाणी बसवलेला असतो की हात पोचतो तेव्हा डोळा पोचत नाही व डोळा पोचतो तेव्हा हात. तीन आटे मोकळे होईपर्यंत काहीच घडले नाही; चौथ्याला धार आली ती घमेल्यात न पडता माझ्या मनगटावरून बाहीत शिरली आणि कोपरापर्यंत जाऊन मग जमिनीवर उतरली. त्याच क्षणी माझ्या नाकासमोर दोन चपला येऊन थांबल्या.

“ऑइल का?” चपलांच्या वरून प्रश्न आला.

“नाही काका, कूलंट.”

“म्हणजे पाणीच.”

“पाणी आणि ग्लायकॉल, निम्मे निम्मे.”

“म्हणजे निम्मे पाणीच.”

मी गाडीखालूनच सांगितले की पाणी १०० अंशांवर उकळते, हे मिश्रण साध्या दाबालाही १०७ अंशांपर्यंत तग धरते आणि झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरेच वर. शिवाय त्यातील रसायने आतला धातू गंजू देत नाहीत. काकांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “मी पहिल्या गाडीत बारा वर्षे नळाचे पाणी घातले.”

“ती गाडी आता कोठे आहे?”

“विकली.”

“का?”

“फार गरम व्हायची.”

हे सांगताना त्यांच्या आवाजात तसूभरही फरक पडला नाही. मी बाहेर आलो तेव्हा ते नव्या डब्याकडे पाहत होते. जुने हिरवे, नवे लाल. त्यांच्या मते हा उघड घोटाळा होता. रंग हा केवळ रंग असतो, कोणी कोणता घालावा याचा सर्वमान्य नियम नाही, आणि मिसळून चालत नाहीत ती आतली वेगवेगळ्या जातीची गंजरोधके, हे त्यांना पटवून देणे मला जमले नाही. पण यात त्यांचा तरी काय दोष? गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत घड्याळ लावण्यासाठी दीड पान आहे आणि कूलंटसाठी एकच वाक्य: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा. ड्रेन प्लग कोठे आहे याचा उल्लेखसुद्धा नाही. हप्ते मी भरले, पण गाडी मला विकलेली नसून केवळ सांभाळायला दिलेली असावी, अशा थाटात ते पुस्तक लिहिलेले आहे.

घमेल्यात साडेतीन लिटर जमले होते. बाकीचे इंजिनाच्या पोटात राहतेच. नवे मात्र अडीच लिटर गेल्यावर नरसाळे काठोकाठ भरून थांबले. काका मोजत होते.

“साडेतीन निघाले, अडीच गेले. एक लिटर कोठे आहे?”

“आत हवा अडकली आहे.”

“लिटरभर?” ते वाकले, आणि माझ्या बाहीतून सांडलेले डबके त्यांना दिसले. “ही घ्या तुमची हवा.”

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, मांजरे आणि कुत्री ते चाटतात व मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, म्हणून मी ते फडक्याने पुसू लागलो. मी पुरावा नष्ट करतो आहे असा काकांचा समज झाला. “विषारी आहे तर गाडीत घालता कशाला?” असे विचारून त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवायला सुरुवात केली. “यांचे एक लिटर गेले.” प्रत्येक जण वाकून गाडीखाली पाहू लागला. सायकलवरच्या एका मुलाने दुसऱ्या फेरीला विचारले, “सापडले का?”

मी हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केले. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा पडदा, ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान उघडतो, तोवर वाट पाहावी लागते. नरसाळ्यात बुडबुडे येताच काका ओरडले, “उकळले! बंद करा, इंजिन जाईल!” तो हवा बाहेर पडत असल्याचा आवाज होता, हे मला माहीत होते. तरीही मी इंजिन बंद केले. काकांचा मला तितकासा राग नाही. मी किल्ली फिरवली याचा आहे.

सभा विसर्जित झाल्यावर मी पुन्हा सुरुवात केली. वीस मिनिटांनी रेडिएटरची वरची रबरी नळी एकदम गरम झाली, नरसाळ्याने घळाघळा दोन-तीन घोट घेतले आणि पातळी झपकन खाली गेली. पंखा फिरून थांबेपर्यंत एक लिटर गेले, आणि वर थोडे. ते वरचे थोडे म्हणजे माझ्या बाहीतले. संध्याकाळी जिन्यात काका भेटले तेव्हा मी हिशेब जुळल्याचे सांगितले. “वेळेवर बंद करायला लावले म्हणून,” ते म्हणाले.

पहिल्यांदा गरम होऊन निवल्यावर टाकीतली पातळी थोडी उतरते, कारण उरलीसुरली हवा निघून जाते. हे अपेक्षितच असते. आज सकाळी ती खुणेखाली बोटभर दिसली, म्हणून डबा घेऊन मी कोणाला न दिसेल अशा बेताने खाली गेलो. झाकण फिरवतो न फिरवतो तोच वरच्या गॅलरीतून आवाज आला, “गळतंय ना अजून?”