पाऊण एचपीचा कॉम्प्युटर

परवापासून डोकं फिरलंय. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो म्हणून जुन्या कॉम्प्युटरात आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड टाकलं, आणि फायनल व्हिडिओ बनवायला रेंडर लावला की सप्तपदीच्या चौथ्या पावलाला सगळं खटकन बंद. तीनदा लावला, तीनदा चौथंच पाऊल. शेवटी कॅबिनेट स्कूटीवर पायापाशी उभं करून दुकानात नेलं.

दुकानदार म्हणे, "450 वॅटचा एसएमपीएस हाय सर, बक्कळ झाला. कार्डच खराब असंल."

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, त्यानंच दिलेला, कॅबिनेटवर फ्री. मी म्हणलं कार्डवाली कंपनी 550 चा सांगते. तेवढ्यात पीक विम्याची पावती प्रिंट करून घ्यायला स्टुलावर बसलेले एक काका मधेच,

"550 वॅट म्हंजी किती एचपी ओ सर?"

"एक एचपी म्हणजे 746 वॅट, काका."

काकांनी बोटावर मोजलं. "म्हंजी पाऊन एचपी! लग्नाची कॅसेट बघायला? मंग स्टार्टर कुठं बसवलाय?"

दुकानदार असा हसला की काय सांगावं. चहा पण मागवला, काकांसाठी. मला विचारलं सुद्धा नाही. मग मी पण पेटलो, भिंतीतून 230 व्होल्ट एसी येतो, हा डबा त्याचं 12, 5 आणि 3.3 व्होल्ट डीसी करतो, तुमच्या बोअरच्या मोटरीसारखं नसतंय हे, असं पाच मिनिटं लेक्चर हाणलं. काकांनी बशीत चहा ओतला, फुंकला.

"पाटीवर काय बी लिहितेत. आमाला एकानं पाचची पाटी लावून तीनची मोटर चिटकवली व्हती. अँपिअर वाचा."

वाचलं. कार्ड चालतं 12 व्होल्टवर, आणि डब्यावर 12 व्होल्टच्या रकान्यात 14 अँपिअर. म्हणजे 168 वॅट. एकटं कार्डच 170 पर्यंत खातं, प्रोसेसर अजून ताटावर बसायचाय! बाकीचे वॅट 5 आणि 3.3 च्या रकान्यात नावापुरते भरलेले, कार्डाला त्याचा काडीचा उपयोग नाही. मिठाईवाल्यानं खोक्यासकट पेढे तोलले तर आपण भांडतो, इथं डब्यावर वॅट छापताना कोण बघायलंय? वर चेकिंगचे 200 घेतले. म्हणायला जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि धड 650 वॅटचा, ब्राँझ रेटिंगवाला एसएमपीएस नांदेडहून येणार, चार दिवसांनी. तोवर नवरीच्या बापाचे रोज तीन फोन, त्याला काय अँपिअर सांगू?

निघताना काका म्हणले, "आन् वायर जाड बघा सर. बारकी वितळती."

आता कार्डाला लागते 8 पिनची वायर, जुन्या डब्याला ती नव्हतीच, म्हणून मी 120 रुपयांचं मोलेक्सचं, म्हणजे जुन्या चार पिनच्या प्लगवरून वीज घेणारं कन्व्हर्टर जोडलं होतं. पिवळ्या वायरीकडचं त्याचं टोक उन्हातल्या गुळासारखं बसलेलं. दुकानदाराला दाखवायला म्हणून खिशात आणलेलं, ते तसंच मुठीत दाबून धरलं.

काल पँट धुताना बायकोला सापडलं. हे काय जाळून आणलंत, विचारायली.