परदेशातलं एटीएम आणि तो एक प्रश्न

काल कट्ट्यावर विषय काढला ताईने. पहिल्यांदाच एकटी परदेशात चाललीये, पैसे कसे नेऊ एवढंच विचारलं तिने, झालं, दादा आणि भटक्यात जुंपली.

दादाचं ठरलेलं, निघायच्या आधीच सगळी कॅश बदलून घे, मशीनचा काय भरवसा. भटक्या उसळलाच, "अरे आणि पाकीट मारलं तर? कार्ड गेलं तर अ‍ॅपमधून लगेच ब्लॉक करता येतं, नोटा कशा ब्लॉक करणार तू?" इथपर्यंत मी भटक्याच्या बाजूने. पण त्याचं पुढचं वाक्य होतं की कार्ड वापरलं की खर्च काहीच नाही, आणि तिथे मॅनेजरने त्याला धरला (बँकेत आहे म्हणून आम्ही मॅनेजरच म्हणतो).

मॅनेजर म्हणाला, एकदा पैसे काढले की तीन जण हात मारू शकतात. आपली बँक विथड्रॉवल फी घेते, वर रेटवर काही टक्के मार्कअप लावते (म्हणजे रेटच चढवून लावते), आणि ज्याचं मशीन आहे तो त्याची फी वेगळी घेतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट फी हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय आपण, तेवढीच धरली तरी १,००० बाट काढले तर २२ टक्के फीतच गेले आणि १०,००० काढले तर २ टक्क्यांच्या थोडं वर. म्हणून थोडे थोडे काढत बसायचं नाही, लागतील तेवढे एकदाच. आणि क्रेडिट कार्डाने तर कॅश काढूच नकोस म्हणाला, खरेदीला मिळते तशी बिनव्याजी मुदत तिथे सहसा नसते, व्याज त्याच दिवसापासून सुरू.

"बघा, मी म्हणत होतो!" दादा. त्यालाही मॅनेजरने सोडलं नाही, एअरपोर्टच्या काउंटरवर 'नो कमिशन' लिहिलेलं असतं ना, तिथला विकायचा रेट आणि घ्यायचा रेट शेजारी शेजारी ठेवून बघ, कमिशन त्या फरकातच असतं.

पण खरा वाद पेटला तो स्क्रीनवरच्या प्रश्नावरून. पिन टाकला, रक्कम टाकली, की पुष्कळ मशीन विचारतात, तुमच्या कार्डाच्या चलनात हिशोब करू का? एक रेट दाखवतात, 'कन्व्हर्जन स्वीकारा'चं बटण ठळक आणि नकाराचं बटण असं की ते दाबलं तर व्यवहारच रद्द होईल असं वाटावं. भटक्या म्हणे, "मी तर हो म्हणतो, किती कापले ते तिथेच कळतं ना." ते कळण्याचेच पैसे घेतात रे बाबा! तो रेट मशीनवाल्याचा, त्याचा नफा धरूनच लावलेला. नाही म्हटलं की व्हिसा किंवा मास्टरकार्ड, म्हणजे आपल्या कार्डावर जिचं नाव असतं त्या कंपनीचा रेट लागतो, त्यावर आपल्या बँकेचा मार्कअप धरला तरी बहुतेक वेळा स्वस्तच पडतं.

"पण नाही म्हटलं तर पैसे येतात का?" ताईने विचारलं, आणि मला वाटतं संध्याकाळभरातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच होता. येतात. नकार फक्त कन्व्हर्जनला असतो. युरोपियन युनियनने तर २०२० पासून नियमच केलाय, की मशीनवाल्याचा हा मार्कअप युरोपियन सेंट्रल बँकेच्या रेटपेक्षा किती टक्के जास्त आहे ते आधीच दाखवायचं. दुकानात, हॉटेलातही तेच, फक्त तिथे मशीन दुसऱ्याच्या हातात असतं आणि कधीकधी तोच तुमच्या वतीने हो दाबून मोकळा होतो, म्हणून पिन टाकायच्या आधी आकडा कुठल्या चलनात आहे ते बघायचंच, आपल्या चलनात दिसला तर कॅन्सल करून स्थानिक चलनात करायला सांगायचं. यात भीड कसली, पैसे आपले आहेत!

भटक्याला हे पटलं नाही, तो अजून म्हणतोय फरक किरकोळ आहे. असेल एका वेळेला, पण अख्ख्या ट्रिपभर प्रत्येक बिलावर?

दादाचा एक मुद्दा मात्र मी मान्य केला, सगळा भार एका कार्डावर टाकू नये. जपानमध्ये कितीतरी मशीन परदेशी कार्ड घेत नाहीत, सेव्हन-इलेव्हनमधलं सेव्हन बँकेचं किंवा पोस्टातलं शोधावं लागतं. रशियात तर मार्च २०२२ पासून बाहेरचं व्हिसा, मास्टरकार्ड चालतच नाही, तिथे दादाची कॅशच कामाची.

ताईने मोबाईलवर यादी केली. दोन कार्डं, जमल्यास एक व्हिसा एक मास्टरकार्ड, दोन वेगळ्या बॅगांत. इंटरनॅशनल वापर अ‍ॅपमधून चालू. ओटीपी येतो ते सिम रोमिंगवर. पोचल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांपुरती कॅश आधीच बदललेली. आणि एटीएम शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेलं, शाखा उघडी असताना, म्हणजे कार्ड आत अडकलंच तर पासपोर्ट घेऊन लगेच आत जाता येतं.

त्या एक-दोन दिवसांपुरती म्हणजे नक्की किती, यावर दादा आणि भटक्या परत सुरू झाले.