जवळचे स्टेशन

रामनवमीला मुंबईहून शिर्डीपर्यंत चालत जायचे, हा ठराव आम्ही पाच मित्रांनी घाटकोपरच्या एका हॉटेलात, एसी विभागात बसून, मिसळीच्या दुसऱ्या पावाबरोबर मंजूर केला. आषाढी वारीला निदान पाऊस सोबतीला असतो. चैत्रातल्या या वाटेवर तापलेले डांबर आणि नाशिककडे निघालेले ट्रक एवढीच सोबत असते, हे ठाऊक असूनही कोणी हरकत घेतली नाही. अंतर सुमारे २४० किलोमीटर. पाडव्याला गुढी उभारून निघायचे आणि अष्टमीच्या संध्याकाळी शिर्डी गाठायची, म्हणजे आठ दिवस, म्हणजे रोज ३० किलोमीटर, असा हिशेब आमच्यातल्या बँकवाल्याने कागदी रुमालावर मांडला. भागाकार निःशेष सुटला, हाच आम्हाला शुभशकुन वाटला.

घरी ही बातमी सांगितली, तेव्हा पत्नीने कणीक मळता मळताच विचारले, "अहो, काल कोथिंबीर आणायला तुम्ही रिक्षाने गेला होता ना?" प्रश्न गैरलागू होता. काल ऊन फार होते.

पुढच्या तीन बैठका बुटांवर खर्ची पडल्या. दिवसभर उन्हात चालले की पावले सुजतात, म्हणून बूट एक नंबर मोठे घ्यावेत, असे एकाचे म्हणणे होते. नवे बूट म्हणजे फोडांना आमंत्रण, म्हणून ते महिनाभर आधी घेऊन घरात वापरावेत, असे दुसऱ्याचे. आणि तिसऱ्याने बोटांच्या बेचक्यांत पेट्रोलियम जेली चोपडण्याचा विषय इतक्या तपशिलात मांडला की शेजारच्या टेबलावरचे कुटुंब डोसे अर्धे टाकून उठले. चौथा अनवाणीच चालणार होता. भर दुपारी गच्चीवरचे पापड उचलून आणायचे काम आईने सांगितल्यावर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. पहाटे तीनला निघावे, दहाच्या आत सावली गाठावी, अंधारात पाठीवर चमकत्या पट्ट्या लावाव्यात आणि समोरची वाहने दिसतील अशा बाजूने चालावे, यावर मात्र दोन मिनिटांत एकमत झाले, कारण या गोष्टी खरोखरच महत्त्वाच्या होत्या.

सरावासाठी एका सोमवारी रात्री प्रभादेवीच्या सिद्धिविनायकापर्यंत चालत जायचे ठरले. मंगळवारच्या दर्शनाला रात्रभर चालत येणारे कितीतरी लोक या शहरात आहेत आणि सकाळी ते कामावरही जातात. आम्ही शीवपर्यंत गेलो. तिथे एकाच्या मोज्याला सुरकुती पडली, मग लिंबू सरबत झाले, मग टॅक्सी झाली. बाप्पासमोर आम्ही पाचही जण चालत आल्यासारखेच उभे राहिलो. लंगडणे मात्र खोटे नव्हते.

मुक्कामांची वही पाचव्याकडे होती. त्याचे सारे आयुष्य मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये उभे राहून गेले असल्यामुळे त्याने गाव, अंतर, पाणी या रकान्यांशेजारी, कोणी न सांगता, 'जवळचे स्टेशन' असा चौथा रकाना आखला होता. भिवंडी बायपासला कल्याण, शहापूरला आसनगाव, पुढे खर्डी, त्यापुढे कसारा. हा रकाना कशासाठी, असे कोणीही विचारले नाही. उलट प्रत्येकाने वही हातात घेऊन तोच आधी वाचला. कसाऱ्याला लोकल संपते. घाट चढून इगतपुरी आणि घोटी ही स्टेशने लागतात, पण घोटीला आपण सिन्नरकडे वळतो आणि रेल्वे आपली नाशिकला निघून जाते. तिथून पुढे रकाना कोरा होता. श्रद्धा आमच्याजवळ मुबलक होती, पण त्या कोऱ्या जागेकडे पाहताना सबुरीचा साठा कमी पडेल, अशी शंका पाचही चेहऱ्यांवर एकदमच उमटली.

"सिन्नरला एसटी स्टँड आहे," बँकवाला बऱ्याच वेळाने म्हणाला, आणि बैठकीत पुन्हा चहा मागवला गेला.

त्या उत्साहात परतीची तिकिटेही काढायचे ठरले. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, पण त्या सकाळी आम्ही पाच जण पाच मोबाइलवर बुटांच्या किमती पाहत होतो. साईनगर शिर्डीहून दादरला येणाऱ्या गाडीची पाचही तिकिटे वेटिंगवर मिळाली. ती कन्फर्म झाली नाहीत तर परत कसे यायचे, अशी काळजी मी रात्री जेवताना बोलून दाखवली.

"तोपर्यंत सवय झालेली असेल की," पत्नी म्हणाली आणि तिने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.