उरलेल्या स्क्रूंचं काय करायचं?

व्हिडिओ गेमचा कन्सोल बंद पडला की आधी मनाशी पक्कं करा, दुकानात न्यायचा नाही. दुकानात नेला की तो दुरुस्त होतो, बिल देऊन घरी यायचं आणि विषय संपला. शनिवारी रात्री मुलगा हॉलमधून "बाबा, हा बीप करून बंद होतोय" असं ओरडतो, तेव्हा देवाने तुमच्यापुढे अख्खा रविवार ताटात वाढून ठेवलेला असतो. तो ठाण्यातल्या गावदेवीच्या कुठल्यातरी गाळ्यातल्या पोराच्या हवाली का करायचा? तुम्ही बी.कॉम. आहात, पंधरा वर्षं कर्जाच्या फायली बघताय, सोल्डरिंग गन फक्त दुसऱ्याच्या हातात पाहिली आहे. हरकत नाही. या कामात शिकलेल्यालाच शंका येतात.

शिवाय तुम्ही अगदीच कोरे नाही. नव्वदच्या दशकात नौपाड्यातल्या चाळीत वाढलेल्या प्रत्येकाने ही उमेदवारी केलेली आहे. मारिओची कॅसेट लागली नाही की काढायची, खालून फुंकायची, पुन्हा खुपसायची. तिसऱ्या फुंकरीला लागायचीच. निन्टेन्डोने पुढे बजावून सांगितलं, की फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने पिना गंजतात. मग लागायची कशी? काढून पुन्हा घातली की पिना जरा वेगळ्या जागी टेकायच्या, म्हणून. फुंकरीचा काडीचा संबंध नव्हता. पण नुसती काढून घालणाऱ्याला चाळीत कोण विचारणार? मान फुंकणाऱ्याचा.

पुढच्या पिढ्यांनीही हा वारसा सोडला नाही. 1994 साली आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये लेझरची गाडी प्लास्टिकच्या रुळावरून धावायची. रूळ झिजून लेझर कलला की गेम अडखळायचा. कुणीतरी वैतागून डबा उलटा ठेवला आणि तो चालू लागला! मग घराघरांत प्लेस्टेशन शीर्षासनात. त्याहून थोर तोडगा टॉवेलचा. 2005 च्या एक्सबॉक्स 360 वर तीन लाल दिवे लुकलुकायचे आणि खेळ खलास. प्रकार एवढा वाढला, की 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. लोकांनी टॉवेल काढले. तापून मेलेल्या डब्याला न्हाऊ घातलेल्या बाळासारखं गुंडाळायचं, हवेची भोकं बंद करायची आणि वीस मिनिटं चालू ठेवायचं. ग्राफिक्स चिपच्या आतले बारीक सांधे तापून-निवून तडकलेले असायचे. आणखी तापवले की ते कसेबसे एकमेकांना टेकायचे आणि डबा लागायचा. दोन दिवस. मग पुन्हा तीन दिवे.

हे 'दोन दिवस' नीट लक्षात ठेवा, घरगुती रिपेअरिंगचं सगळं शास्त्र त्यांत आहे. डबा लागला की तत्क्षणी फोटो काढायचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. तिसऱ्या दिवसाची बातमी टाकायची पद्धत नाही.

हेच तडकलेले सांधे वितळून पुन्हा जुळावेत म्हणून आतला सर्किट बोर्डच ओव्हनमध्ये भाजणाऱ्यांचाही एक पंथ आहे. युरोपने जुलै 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंदी घातल्यावर सांधे जोडायला बिनशिशाचं सोल्डर सगळीकडे रूढ झालं. ते वितळतं 217 अंशांच्या आसपास. भक्तमंडळी बोर्ड भाजतात दोनशेच्या आत, आठ-दहा मिनिटं. म्हणजे वितळत काहीच नाही, नुसता वास सुटतो. मीही ओटीजी तापवायला ठेवला होता. आई आली, बोर्डाकडे बघितलं, ओटीजीकडे बघितलं आणि "त्यात नानकटाई करतात" एवढंच म्हणाली. तुमची आई गावाला गेली असेल तर जरूर करून बघा.

आता उघडायचं कसं? कंपन्यांनी तुमच्यासाठी खास स्क्रू बनवलेले असतात. काहींना सहा पाकळ्यांची चांदणी आणि तिच्या मधोमध खुंटी, काहींना तीन पायांची फुली. खुंटी कशासाठी? तुम्ही येऊ नये म्हणून. त्यांना बसणारं स्क्रूड्रायव्हरचं टोक मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतं. पण त्यासाठी ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, म्हणजे रविवार गेला. (घोडबंदर रोडला राहत असाल तर तो ठाणे स्टेशन गाठेपर्यंतच जातो.) तेव्हा कात्रीचं टोक वापरा. पाकळ्या झिजून गुळगुळीत खड्डा झाला की स्क्रू जिंकला असं समजू नका, शेजाऱ्यांकडे ड्रिल असतं.

वाटेत 'फाटल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर आडवं येईल. 2018 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा धमक्यांबद्दल सहा कंपन्यांना समज दिली, त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो तिघीही होत्या. हा इतिहास मुलाला मोठ्याने सांगत स्टिकर फाडा. वॉरंटी दोन वर्षांपूर्वीच संपलेली असते, ते सांगू नका.

निघालेले स्क्रू ठेवायला मसाल्याच्या डब्यासारखी सोय जगात नाही. सात वाट्या असतात, स्क्रूंच्या जातीही साधारण तेवढ्याच. मी मोहरीची वाटी घेतली, कारण ती अर्धीच भरलेली होती. ती पूर्ण रिकामी करायला हवी होती का, या प्रश्नाकडे आपण येणारच आहोत.

झाकण निघालं. पंख्यावर धुळीची गादी जमली होती. बोटाने टोक धरून ओढली तर घोंगडीच्या तुकड्यासारखी सलग आली. पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात एक थोरलं झुरळ आणि तिळाएवढी सात-आठ पिल्लं. उबदार, अंधारी जागा, डिपॉझिट नाही, भाडं नाही. ठाण्यात असा वन आरके मिळतो कुठे?

इथे एक नाजूक क्षण येतो, सावध राहा. पंखा कोंडला, चिप तापली, म्हणून डबा बीप करून बंद होत होता, हे मला त्याच वेळी लख्ख कळलं. ब्रश फिरवायचा, झुरळांना निरोप द्यायचा, झाकण लावायचं, वीस मिनिटांत काम झालं असतं. पण मुलगा टॉर्च धरून उभा आहे, बायको दारातून बघते आहे आणि तुम्ही नुसती धूळ पुसता? ते तर मावशीही करतात. तेव्हा पुढे जा.

हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचला. खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झालेली असेल. नवी नसेल तर टूथपेस्ट लावा. ओली असेपर्यंत तीही उष्णता बऱ्यापैकी वाहून नेते, पाणी उडालं की राहतो चुना. म्हणजे पुन्हा आपले दोन दिवस. प्लेस्टेशन 5 वाल्यांची मजा आणखी मोठी. तिथे पेस्टच्या जागी द्रवरूप धातू असतो आणि त्यातून वीज वाहते. तो बोर्डभर पसरेल अशा बेताने पुसा. शेवटी रिबन केबल, म्हणजे फितीसारखी चपटी वायर, येईल. तिच्या टोकाला नखाएवढं कुलूप असतं, ते हलकेच उचलायचं असतं. मी ओढलं.

जोडणी झाल्यावर तीन स्क्रू उरले. घाबरायचं नाही. कंपन्या हिशेबात जास्तीचेच घालतात.

आणि डबा लागला! बीप नाही, काही नाही. डिस्क घेत नव्हता, पण डिस्कवर आता खेळतं कोण? फोटो ग्रुपवर गेला. एकवीस अंगठे आले, सेक्रेटरींनी दोन्ही हात जोडले. सोमवारी ऑफिसात मी एअर फ्लो या विषयावर जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोललो. मंगळवारी संध्याकाळी डबा गेला तो गेलाच.

आता गावदेवी गाठायची, पण रुमाल बांधून, ओळखीचं कुणी तलावपाळीला फिरत नाही ना ते बघून. गाळ्यातला पोरगा एकच प्रश्न विचारतो, "साहेब, आधी कोणी खोललाय का हा?" डॉक्टरांनी सिगारेटचं विचारल्यावर जसं सांगता, तसंच डोळ्याला डोळा भिडवून सांगायचं, नाही. त्याने मान हलवली आणि झाकण काढलं. गाळाभर पुदिन्याचा वास सुटला. त्याने वर पाहिलं नाही. फाटकी रिबन सरळ करून बघितली, भिंग डोळ्याला लावलं, चिमट्याने पंख्याखालून काहीतरी काळं, गोल उचललं आणि माझ्यासमोर रबरी मॅटवर ठेवलं.

"मोहरी," तो म्हणाला.

"झुरळांनी आणली असेल," मी म्हणालो.

"असेल," म्हणाला आणि पावतीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'खोललेला नाही.' फार सभ्य मुलगा. त्याने किती घेतले ते मी घरात निम्मं करून सांगितलं आहे, तुम्हीही तसंच सांगा.

ग्रुपवरचा फोटो मात्र अजून आहे. परवा बी विंगचे जोशीकाका कंट्रोलर घेऊन आले. अंगठ्याखालची काठी सोडली तरी खेळाडू आपला डावीकडेच चालतो म्हणाले. आतली कार्बनची पट्टी झिजलेली असते, अख्खा भाग बदलायचा, सोल्डर वितळवून चौदा पाय सोडवायचे, बोर्डाची तार उखडू द्यायची नाही. मी म्हटलं, ठेवून जा, रविवारी मोकळाच आहे. स्क्रू कमी पडले तर माझ्याकडे तीन आहेत.