मामा, ट्रॅफिकच नाही!

भाचा नाँतला असतो, पश्चिम फ्रान्समध्ये. फोनवर म्हणाला, मामा इथे नदीकाठची एक वाट आहे, दिवसभर जा, एक गाडी आडवी येणार नाही, सगळं सपाट, बाजूला पाणी, तू फक्त पेडल मार. मी रोज कात्रजहून शिवाजीनगरला टू-व्हीलरने जाणारा माणूस, त्यामुळे "एक गाडी आडवी येणार नाही" नंतरचं मला काही ऐकूच आलं नाही. खरं तर "तू फक्त पेडल मार" हे नीट ऐकायला हवं होतं, सगळी गोम तिथेच होती.

तशी मला सायकलची सवय नाही असं नाही. दर रविवारी मी पुण्यात पंचवीस किलोमीटर मारतो आणि घरी येऊन सांगतो की अजिबात दमलो नाही. आता विचार केला तर त्यात बारा सिग्नल, दोन ठिकाणी खोदलेला रस्ता, एक वरात आणि एक अमृततुल्य येतं. म्हणजे व्यायाम कमी आणि रस्त्यावर पाय टेकवून उभं राहणंच जास्त. पण हे कळायला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात जावं लागलं.

नाँतहून सकाळच्या ट्रेनने सायकली घेऊन रदोंला उतरलो. तिथून उस्त नदीच्या काठाने मालेत्रुआ, मग जोसलँ, साधारण पासष्ट किलोमीटर. भाड्याची सायकल ग्रॅव्हल बाइक होती, म्हणजे दिसायला रेसची, हँडल बोकडाच्या शिंगांसारखं वाकलेलं, पण टायर जाड, कारण वाट डांबरी नाही, बारीक खडी आणि मुरूम दाबून केलेली. सायकलला स्टँड नव्हता. मी दोन वेळा पायाने स्टँड शोधला, भाचा हसला. कॅरियर नाही, मडगार्ड नाही, घंटी बटणाएवढी. आणि चड्डीला आतून असं पॅड की चालताना लंगोट घातलेल्या बाळासारखं वाटत होतं, पण त्या पॅडला नावं ठेवणार नाही, चाळिसाव्या किलोमीटरनंतर माझं आणि जगाचं नातं त्या पॅडमुळेच टिकून होतं.

पहिले दहा किलोमीटर मी स्वर्गात होतो. डावीकडे पाणी, उजवीकडे झाडं, चाकाखाली खडीचा कर्रकर्र आवाज, बस्स. अकराव्या किलोमीटरला मांड्या बोलायला लागल्या. म्हटलं आता एखादा उतार आला की पाय सोडून देऊ, आणि बाराव्याला डोक्यात प्रकाश पडला की चढच नाही म्हणजे उतारही नाही! नदीकाठची वाट पाण्याच्या लेव्हलने जाते, पेडल थांबवलं की सायकल थांबते. वर समोरून वारा. आणि थांबावं तर कशासाठी? सिग्नल नाही, बस नाही, म्हैस नाही. भाचा पुढे चाळीस मीटरवर, पाठीला डोळे असल्यासारखा, मी जरा स्लो झालो की "मामा, ओके?" आता पन्नाशीच्या मामाने चोविसातल्या भाच्याला "नाही रे" कसं म्हणायचं?

पंक्चरची फार आशा होती. पण टायर ट्यूबलेस, आत दुधासारखं सीलंट, काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं म्हणे. मी दोन वेळा मुद्दाम कडेच्या काटेरी झुडपाला घासून गेलो, काही झालं नाही, पोटरी तेवढी ओरबाडली.

बरं ट्रॅफिक नाही म्हणजे माणसं नाहीत असं नाही. गळ टाकून बसलेले आजोबा, कुत्रा फिरवणाऱ्या बायका, आणि प्रत्येकाला बोंजूर म्हणायचंच, नाही म्हटलं तर उद्धट. धाप लागलेल्या माणसाला बोंजूर किती अवघड जातं ते मी सांगतो, पुढे पुढे माझ्याकडून नुसतं "जूर" बाहेर पडायचं.

मग मला लॉक सापडलं. कुलूप नव्हे, पाण्याचं लॉक. नदीची पातळी बदलते तिथे दोन दरवाज्यांमध्ये बोट घेतात, पाणी भरतात, बोट वर उचलली जाते, वरचा दरवाजा उघडतात. शेजारी लॉक राखणाऱ्याचं टुमदार घर, खिडकीत फुलं, भिंतीवर पाटी, पुढचं लॉक किती मीटरवर आणि मागचं किती. आणि कुठे कुठे माहितीचा बोर्ड! लांबलचक, फ्रेंचमध्ये! मी ताबडतोब उतरलो, फोन काढला, भाषांतर लावलं आणि हाक मारली, "अरे ये, हे बघ, काय इंटरेस्टिंग आहे!"

त्या दिवशी मी इतिहासाचा जो अभ्यास केला तो शाळेत केला असता तर आज कुठे असतो. ही वाट मुळात बोटी ओढायची. घोडे काठाने चालायचे, दोर बोटीला, आणि घोडा परवडला नाही की माणसंच ओढायची. (हे वाचताना मला त्या माणसांबद्दल फार जवळीक वाटली.) इंग्रजांच्या जहाजांनी समुद्रात नाकेबंदी केली, ब्रेस्तच्या आरमारी बंदरात माल पोचेना, म्हणून नेपोलियनने ठरवलं की नाँतहून ब्रेस्तपर्यंत आतून पाण्याची वाट काढायची. नद्या जोडत, मध्ये कालवे खणत, ३६० किलोमीटरच्या वर, दोनशेहून जास्त लॉक. पूर्ण झालं १८४२ ला. तोपर्यंत नेपोलियन जाऊन एकवीस वर्षं झाली होती आणि इंग्रजांशी लढाई संपलेली. पुढे रेल्वे आली, मग १९३० मध्ये गेर्लेदाँचं धरण झालं आणि कालव्याचे दोन तुकडेच पडले, लॉकं पाण्याखाली गेली. मी म्हटलं, आपल्याकडच्या फ्लायओव्हरला उगाच नावं ठेवतो आपण.

अडचण एकच, सकाळच्या टप्प्यात लॉक फार लांब लांब. त्यामुळे मध्ये बगळ्याचे फोटो काढले. एकच बगळा होता, चौदा फोटो आहेत.

मालेत्रुआला पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. फ्रान्सच्या खेड्यात जेवण म्हणजे बारा ते दोन, दोन दहाला तुम्ही उपाशी राहिलात तर तो तुमचा प्रश्न. हे आम्हा पुणेकरांना कुणी शिकवायला नको, त्यामुळे तक्रार करायला तोंडच नव्हतं. चौकात एका जुन्या लाकडी घरावर सूत कातणारी डुकरीण कोरलेली आहे आणि बॅगपाइप वाजवणारा ससा. मी त्या सशाकडे वीस मिनिटं बघत बसलो, रिकाम्या पोटी. भाचा म्हणाला, मामा तुला कलेचंही आहे का? म्हटलं, थोडंफार.

दुपारी लॉक जवळ जवळ आले आणि माझी विद्वत्ता वाढत गेली. प्रत्येक लॉकला वाट दोन-अडीच मीटर वर चढते, एवढाच काय तो चढ, पण मला दर वेळी सिंहगड वाटला. तरी चढून वर गेलं की पाटी असायची, आणि पाटी असली की वाचणं आलंच.

जोसलँ आलं ते एकदम किल्ल्यासकटच. पाण्यातून उगवल्यासारखे तीन बुरूज, चौदाव्या शतकातले, बाकीचे बरेच १६२९ ला फ्रान्सच्या राजाचा मंत्री रिशल्यू याने पाडले. त्यात अजून त्याच घराण्याची माणसं राहतात. घराण्याचं स्पेलिंग आर-ओ-एच-ए-एन. मी म्हटलं, अरे हा तर आपला रोहन! भाचा म्हणाला, मामा, रोआं. असेल, पण मी आतून रोहनच म्हणत होतो, आमच्या बिल्डिंगमध्येच तीन रोहन आहेत, एकाचाही किल्ला नाही.

रात्री जेवायला गालेत मिळालं. म्हणजे कुट्टूच्या पिठाचं मोठं घावन, वर अंडं, चीज आणि हॅम. हॅम सोडून बाकी आईला दाखवता आलं असतं. मी तीन खाल्ली. भाचा बराच वेळ माझ्याकडे कौतुकाने बघत होता, मग म्हणाला, "मामा, खरं सांगू? मला वाटलं होतं तू कंटाळशील, म्हणून उद्या मित्राला गाडी घेऊन इथे बोलवलं होतं. पण तू इतका रमलास, एकेक बोर्ड वाचलास, मी आत्ताच त्याला नको म्हणून मेसेज टाकला. उद्या आपण पोंतिवी करू. नेपोलियनने तिथे नवीन शहर आखलंय, एकदम सरळ रस्ते, नावही नेपोलियनव्हिल ठेवलं होतं, मग सत्ता गेली की पोंतिवी, परत सत्ता आली की नेपोलियनव्हिल, तुला आवडेल."

"किती आहे?"

"पन्नासेकच. पण शेवटच्या पंचवीस किलोमीटरमध्ये पन्नासच्या वर लॉक आहेत! म्हणजे तुझी मजाच आहे."

मी हसलो, तिकडचं सरबत प्यायलो, गुड नाइट म्हटलं. तो झोपल्यावर हळूच खाली शेडमध्ये गेलो आणि सायकलचं मागचं चाक दाबून पाहिलं. हवा टंच होती.