कॅन्युला दर तीन दिवसांनी बदलायची, हे तपासलं कोणी होतं?

हाताच्या शिरेत घातलेली कॅन्युला तीन दिवस झाले की काढायची आणि दुसऱ्या जागी नवीन घालायची, हा नियम जगभरच्या वॉर्डांत कितीतरी वर्षं पाळला गेला. कारण पटण्यासारखं होतं. शिरेत बाहेरची नळी जितके दिवस राहणार, तितकी शीर सुजण्याची आणि जंतू आत शिरण्याची भीती जास्त. ऑस्ट्रेलियात क्लेअर रिकर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नियम ३,२८३ रुग्णांवर तपासून पाहिला. एका गटाची कॅन्युला दर तिसऱ्या दिवशी बदलली, दुसऱ्या गटाची काही कारण दिसलं तरच. २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: शीर सुजण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्के. ज्यांच्या शिरा मुळातच सापडत नाहीत अशा वयस्कर किंवा किमोथेरपी चालू असलेल्या माणसांना ठरल्या दिवशी पुन्हा टोचून घ्यावं लागायचं, त्यातलं पुष्कळ टाळता येण्यासारखं होतं.

इथपर्यंतचं सगळ्यांच्या लक्षात राहतं. वॉर्डात एवढंच वाक्य पोचतं की 'आता बदलायची गरज नाही'. पण 'कारण दिसलं तर बदलायची' याचा अर्थ कोणीतरी ते कारण रोज, खरं तर प्रत्येक पाळीत, शोधायला हवं. म्हणजे काय करायचं? रुग्णाला विचारायचं, इथे दुखतंय का. पारदर्शक ड्रेसिंगखाली लाली किंवा सूज आहे का ते पाहायचं. शिरेवरून हलकं बोट फिरवायचं, ती दोरीसारखी कडक लागते का. ड्रेसिंगची कड सुटली आहे का, ओल आहे का, फ्लश करताना, म्हणजे सलाइन सोडून नळी धुताना, अडतंय का. आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा प्रश्न: ही कॅन्युला आज लागणार आहे का? नसेल तर काढून टाकायची.

हे पाहणं हा त्या उपचाराचाच भाग आहे. तो गळला की उरतो तो वेगळाच उपचार, ज्याची ट्रायल (रुग्ण चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटून घेतलेली चाचणी) कोणी घेतलेली नाही. जिनिव्हाच्या रुग्णालयांत ठरावीक दिवशी कॅन्युला बदलण्याचं धोरण सोडून 'गरज पडली तर' हे धोरण आणलं, तेव्हा कॅन्युलामुळे होणारा रक्तातला संसर्ग वाढलेला दिसला आणि जुन्या नियमाकडे परत जावं लागलं. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ट्रायल नव्हता, आधी आणि नंतरची तुलना होती, त्यामुळे त्यावरून रिकर्ड यांचा निकाल खोटा ठरत नाही. पण ट्रायलमधली निगराणी आणि रोजच्या वॉर्डातली निगराणी सारखी नसते, ही शंका तो नक्की उभी करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: नर्सिंगची काळजी हा उपचार आहे, आणि तिची परीक्षा औषधाइतकीच काटेकोर व्हायला हवी. औषधाच्या ट्रायलमध्ये किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती दिवस, हे न लिहिता कोणी निबंध पाठवला तर तो तिथल्या तिथे परत येईल. नर्सिंगच्या अभ्यासात मात्र 'रुग्णांना समुपदेशन केलं', 'त्वचेची योग्य काळजी घेतली' अशी वाक्यं सर्रास छापून येतात. कोणी केलं? किती मिनिटं? त्या व्यक्तीला काय शिकवलं होतं? दहापैकी किती वेळा ते खरोखर झालं? आणि दुसऱ्या गटाला नेमकं काय मिळालं? 'नेहमीची काळजी' हे उत्तर पुरत नाही. एका ठिकाणची नेहमीची काळजी दुसरीकडच्या विशेष काळजीपेक्षा चांगली असू शकते. उपचाराचं वर्णन कसं द्यावं यासाठी २०१४ पासून टायडियर नावाची १२ मुद्द्यांची यादी उपलब्ध आहे. ती समोर ठेवून लिहायला एक दुपार पुरते.

आता 'तर्काला पटतं, मग तपासायचं कशाला' या म्हणण्याबद्दल. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही रुग्णांच्या हृदयाचे मधूनच जास्तीचे ठोके पडतात, आणि अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त असतं हे माहीत होतं. मग ठोके दाबणारी औषधं द्या, मृत्यू कमी होतील, असा सरळ हिशोब. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके छान दाबायची, ईसीजी सुधारलेला दिसायचा. कास्ट (CAST) नावाच्या ट्रायलमध्ये १,४९८ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं विभागून एकतर ही औषधं दिली किंवा प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सरासरी १० महिन्यांत औषधाच्या गटात ६३ जण गेले, प्लासिबोच्या गटात २६. ठोके कमी झाले होते, माणसं जास्त मेली होती. ट्रायल झाली नसती तर डॉक्टर सुधारलेला ईसीजी पाहून मनापासून ती औषधं देत राहिले असते. प्रत्येक मृत्यू मूळ आजाराच्या खात्यात गेला असता.

नर्सिंगमध्ये ईसीजीच्या जागी बहुतेक वेळा चार्ट असतो. पडण्याचा धोका मोजणारा तक्ता भरला, पलंगावर सूचनेची पाटी लावली, पलंग खाली केला, काठी-वॉकर हाताशी ठेवला, संडासला नेण्याच्या वेळा ठरवल्या, बाथरूममध्ये एकटं सोडायचं नाही असं ठरवलं, उठल्यावर वाजणारा अलार्म लावला. ऑस्ट्रेलियात सहा रुग्णालयांच्या २४ वॉर्डांत नेमका असाच सहा गोष्टींचा संच तपासला गेला, त्या काळात रुग्ण ४६ हजारांवर वेळा दाखल झाले. वॉर्डांत या गोष्टींचा वापर वाढला. पडण्याचं आणि पडून इजा होण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही. चार्टची पूर्तता हीच फलश्रुती धरली असती तर हा उपक्रम यशस्वी म्हणून जाहीर झाला असता. संशोधकांनी नकारात्मक निकाल सविस्तर छापला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. असे निकाल कपाटात राहिले की दुसऱ्या कुठल्यातरी वॉर्डातल्या सिस्टर त्याच कागदांवर तासन् तास घालवतात, आणि ते तास रुग्णाच्या वाट्याचे असतात.

चिठ्ठी टाकण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फसगत बहुतेक इथेच होते. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटिश ट्रायल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. १०७ रुग्ण, ५५ जणांना औषध आणि अंथरुणात विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू, दुसऱ्यात १४. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी त्यात जी काळजी घेतली ती साधी होती: कोण कुठल्या गटात जाणार हे बंद पाकिटात, आणि रुग्णाला ट्रायलमध्ये घ्यायचं ठरल्यावरच पाकीट उघडायचं. 'एक इकडे, एक तिकडे' अशी पाळी लावली की पुढचा रुग्ण कुठे जाणार हे आधीच कळतं, आणि जास्त अशक्त रुग्णाला 'थांबा जरा, पुढच्या पाळीला घेऊ' असं म्हणायचा मोह चांगल्या माणसालाही होतो. दाखल झाल्याची तारीख सम की विषम, पलंगाचा क्रमांक, केसपेपरचा शेवटचा आकडा, सगळ्यांत हीच खोट.

पाकिटंच वापरायची तर ती अपारदर्शक हवीत, आत अल्युमिनियमची फॉइल घातलेली बरी, कारण पातळ पाकीट दिव्यासमोर धरलं की आतलं अक्षर वाचता येतं. बाहेर अनुक्रमांक आधीच छापलेला हवा. उघडण्यापूर्वी रुग्णाचं नाव आणि वेळ पाकिटावर लिहायची. यादी तयार करणारा आणि रुग्ण निवडणारा एकच नको. त्याहून सोपं म्हणजे गट फोनवरून किंवा संगणकावरून दुसऱ्या ठिकाणाहून कळवणं.

नर्सिंगच्या ट्रायलमध्ये याच्यापुढे आणखी एक अडचण येते. एकाच वॉर्डात निम्म्या रुग्णांची कूस नव्या पद्धतीने बदलायची आणि निम्म्यांची जुन्या, हे त्याच सिस्टरला जमत नाही. चांगलं वाटलेलं काम ती सगळ्यांसाठीच करू लागते. म्हणून अख्खे वॉर्ड गटांत वाटतात. पण एका वॉर्डातले रुग्ण एकमेकांसारखे असतात, कर्मचारी तेच, गाद्या त्याच. त्यामुळे शंभर रुग्णांकडून शंभर जणांइतकी माहिती मिळत नाही. रुग्ण किती पट लागतील याचा हिशोब असा: १ अधिक (वॉर्डातले रुग्ण वजा १) गुणिले साम्याचा गुणांक, म्हणजे एका वॉर्डातले रुग्ण एकमेकांसारखे किती हे सांगणारा आकडा. वॉर्डात ३० रुग्ण आणि गुणांक ०.०५ असेल तर उत्तर २.४५. साध्या ट्रायलला ४०० रुग्ण पुरले असते तिथे इथे ९८० लागतात. आणि रुग्ण कितीही असोत, एका बाजूला एक वॉर्ड आणि दुसऱ्या बाजूला एक वॉर्ड अशी तुलना झाली असेल तर दिसलेला फरक नव्या पद्धतीचा की तिथल्या इन्चार्जचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. असे प्रबंध दरवर्षी मंजूर होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मेहनत खरी असते, विद्यार्थिनी प्रामाणिक असते, आराखडाच उत्तर देऊ शकणारा नसतो.

संख्येबद्दल एवढंच सांगते. ज्या त्रासाचं प्रमाण २० टक्क्यांवरून १० वर येईल अशी आशा आहे, त्यासाठी रूढ निकषांनी प्रत्येक गटात साधारण २०० रुग्ण लागतात. ६ वरून ४ वर येईल असं वाटत असेल तर प्रत्येक गटात १,८०० च्या वर. तीस-तीस रुग्णांच्या अभ्यासात 'फरक आढळला नाही' याचा अर्थ फरक नाही असा होत नाही, आणि अशा लहान अभ्यासात मोठा फरक दिसला तर तो बहुधा फुगलेला असतो.

मोजमापाकडे मात्र कोणी पुरेसं पाहत नाही. बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडत राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी घ्या. माकडहाडावर लालसर डाग दिसतो. त्यावर बोटाने तीनेक सेकंद दाबायचं आणि सोडायचं. दाबाखाली जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही लाली जात नसेल तर तो पहिल्या पायरीचा बेडसोअर. हे गोऱ्या कातडीवर सोपं आहे. सावळ्या-काळ्या कातडीवर लालीच नीट दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या कातडीशी ताडून पाहावं लागतं, की ही जागा जास्त गरम किंवा गार आहे का, कडक किंवा लिबलिबीत लागते का, हात लावल्यावर दुखते का. त्यातच लघवीच्या ओलीने सोललेली कातडी बेडसोअर म्हणून लिहिली जाते. ती बहुतेकदा घडीत असते, कड पसरट असते. दाबाची जखम सहसा हाडाच्या उंचवट्यावर येते. ट्रायल सुरू होण्याआधी मोजणाऱ्या दोघींनी तेच पन्नास रुग्ण वेगवेगळं पाहून नोंदी जुळतात का हे तपासलं नसेल, तर पुढची आकडेमोड वाळूवर उभी आहे.

आणि 'जुळणी ८२ टक्के' एवढ्यावर समाधान मानू नका. दोघींनी रुग्णाकडे न पाहता नव्वद टक्के ठिकाणी 'नाही' आणि दहा टक्के ठिकाणी 'आहे' असं अंदाजे लिहिलं, तरी ८२ टक्के जुळणी निव्वळ योगायोगाने येते: ०.९ गुणिले ०.९, अधिक ०.१ गुणिले ०.१. म्हणून योगायोग वजा करणारा 'कप्पा' (kappa) नावाचा आकडा मागायचा. शक्य असेल तिथे जखमेचा फोटो काढून, रुग्ण कुठल्या गटात आहे हे माहीत नसलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यायचा. काळजी देणाऱ्या सिस्टरला गट माहीत असणारच. निदान निकाल ठरवणाऱ्याला तो माहीत नसावा.

दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियमही तपासला गेलाय. अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममध्ये ९४२ जणांवर दोन, तीन आणि चार तासांचं अंतर ताडून पाहिलं. तीन आठवड्यांत एकूण २ टक्के लोकांना नवीन बेडसोअर झाला आणि गटांमध्ये ठोस फरक नव्हता. पण सगळे जाड, दाट फोमच्या गाद्यांवर होते आणि नर्सिंग होममधले स्थिर रहिवासी होते. रक्तदाब टिकवण्याच्या औषधांवर असलेला आयसीयूमधला रुग्ण त्यात नव्हता, पातळ कापसाची गादीही नव्हती. 'चार तास चालतं' असं या अभ्यासावरून तिथे म्हणणं म्हणजे गादीचा खर्च न करता फक्त मनुष्यबळाची बचत उचलणं.

काही प्रश्नांत चिठ्ठी टाकताच येत नाही. एका सिस्टरकडे किती रुग्ण असावेत हा तसा प्रश्न. युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा, शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून जास्त रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. एका सिस्टरमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत रुग्णालयात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. जिथे सिस्टर पुरेशा आहेत तिथे इतर गोष्टीही चांगल्या असू शकतात, म्हणून त्याला ट्रायलचं वजन देता येत नाही. तरी ७ टक्क्यांनी मृत्यू कमी करणारं औषध निरीक्षणात दिसलं असतं तर त्यावर पुढची चाचणी घ्यायला धावपळ झाली असती. मनुष्यबळ वाढवण्याची वेळ आली की मात्र 'पुरावा पुरेसा नाही' हे वाक्य फार लवकर आठवतं.

नर्सिंगच्या ट्रायलवर काम करणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. निबंधासोबत पलंगाजवळची मूळ नोंदवही, रुग्णाची ओळख काढून, जोडा. ठरलेल्या बारा वेळांपैकी किती वेळा कूस बदलली, कुठल्या पाळीत चुकली, चुकली तेव्हा वॉर्डात किती सिस्टर होत्या. ज्यांचं वेळापत्रक पूर्ण झालं नाही अशा रुग्णांना हिशोबातून काढू नका. ते मूळ गटातच मोजा, कारण जास्त आजारी असल्यामुळेच बहुतेकदा त्यांचं वेळापत्रक चुकलेलं असतं. आणि रात्री दोन ते पहाटे सहा या वेळेचे रकाने आधी तपासा. सगळ्या रुग्णांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच मिनिटाला, एकसारख्या भरलेल्या दिसल्या तर त्या रात्री काय झालं हे त्या वहीला माहीत नाही, आणि ते निबंधात तसंच लिहायला हवं.