सिद्धशिलेच्याही वर देणगीदार

आज क्षमावणी, आपला जैनांचा एकमेकांची माफी मागायचा दिवस, आणि मी डोकं फिरवून घेऊन घरी आले. आजच्या दिवशी असं लिहू नये हे कळतं. तरी लिहिणार.

बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, दारात भला मोठा फ्लेक्स लागला होता. 'मोक्षाच्या 14 पायऱ्या'. म्हणजे गुणस्थानं, जीव शुद्ध होत जातो त्याचे टप्पे. सगळ्यात खाली मिथ्यात्व, म्हणजे चुकीची श्रद्धा, मग सासादन, मिश्र, अविरत सम्यग्दृष्टी, असं चढत चढत अयोगकेवली. पायरीपायरीला लाल बाण, सगळे वर तोंड केलेले. त्यावर सिद्धशिला, मुक्त झालेल्या जीवांची जागा. आणि सिद्धशिलेच्या वर सात देणगीदारांचे गोल फोटो! लोकाकाशाच्या, म्हणजे विश्वाच्या, टोकाला सिद्ध जीव थांबतो, त्यापुढे हालचालीला आधार देणारं धर्मद्रव्यच नाही म्हणून जाता येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. हे सातजण त्याच्याही पुढे पोचलेत. एकाने तर गॉगल घातलाय.

छप्पर गळतं, पैसा लागतो, मान्य. पण देणगी गंग राजांचा मंत्री चामुंडराय यानेही दिलीच होती की. श्रवणबेळगोळला 57 फुटी बाहुबली उभा केला आणि स्वतःचं नाव कोरलं ते पायाशी. 'श्रीचावुंडराजें करवियलें'. शाळेत मराठीच्या पुस्तकासाठी पाठ केलं होतं ना आपण? पायाशी. डोक्यावर नाही. आणि गुणस्थानांचा सगळा हिशोब ज्यात आहे तो 'गोम्मटसार' नेमिचंद्राचार्यांनी त्याच चामुंडरायासाठी रचला. म्हणजे पायऱ्या समजलेल्या माणसाने आपली जागा कुठे धरली ते बघा.

बरं, फ्लेक्सवर मी गप्प बसले असते. मग माइकवरून एकजण म्हणाले, "आपण सगळे श्रावक, म्हणजे पाचव्या पायरीवर आहोत. आता फक्त नऊ राहिल्या!" टाळ्या पडल्या.

फक्त नऊ. अहो, सातव्याच्या पुढे या पंचमकाळात, म्हणजे हल्लीच्या पडत्या काळात, इथून कोणी जात नाही. महावीरांच्या परंपरेतल्या जंबूस्वामींनंतर कोणी केवली, म्हणजे सर्वज्ञ, झाला नाही. एवढं तरी माइकवाल्याला माहीत असावं. आणि पाचवं म्हणजे देशविरत, तिथे व्रतं घ्यावी लागतात आणि पाळावी लागतात. आडनाव पाटील किंवा चौगुले असून भागत नाही. त्याआधी चौथं. चौथ्याला नुसतं नीट दिसायला लागतं, हातून अजून काहीही होत नसतं. तेवढंसुद्धा किती जणांचं असेल कोण जाणे.

आज्जीला राजा श्रेणिकाची गोष्ट फार आवडायची. याने ध्यानात बसलेल्या मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकला आणि नरकाचं आयुष्य बांधून घेतलं. पुढे महावीरांच्या समवसरणात, म्हणजे धर्मसभेत, बसून सम्यक्त्व, म्हणजे खरी श्रद्धा, पक्कं केलं, व्रत मात्र एकही जमलं नाही. आज तो पहिल्या नरकात आहे, आणि पुढच्या चोवीस तीर्थंकरांतला पहिला तोच होणार आहे. "बघ गं," आज्जी म्हणायची, "कोण कुठं आहे ते वरून दिसत नाही."

आज्जीचं सांगायलाच बसलेय खरं तर.

तिचं आणि तिच्या जावेचं वाटणीत एका तांब्याच्या हंड्यावरून बिनसलं. एकाच वाड्यात, मधे एक भिंत, आणि चार वर्षं अबोला. मग एका दशलक्षण पर्वात, क्षमावणीआधीच्या दहा दिवसांत, पंडितजींनी शास्त्र वाचताना रागाच्या चार रेघा सांगितल्या. पाण्यावरची, वाळूतली, जमिनीतली भेग आणि दगडावरची. पाण्यावरची घडीभरात पुसते. वाळूतली पंधरवड्यात. भेग सहा महिने. सहा महिन्यांच्या वर जो राग टिकला तो अनंतानुबंधी, जन्मोजन्मी मागे येणारा, आणि तो असेपर्यंत चौथी पायरी विसरा. रोज पाणी गाळून पिणारी, गाळलेलं फडकं परत विहिरीच्याच पाण्यात धुणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी बाई. तिला वाटत होतं आपण बऱ्याच वर आलोय.

त्या रात्री मला म्हणाली, कंदील धर. मी सात वर्षांची. मागच्या दाराने गेलो. चुलत आज्जी डाळ निवडत बसली होती. आज्जी उभ्याउभ्याच म्हणाली, "चुकलं माझं. माफ कर." तिने मान वर केली नाही. सूप थोडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बस. मला खडे दिसत नाहीत आताशा. तेवढे काढ." दोघी खडे काढत बसल्या. मी कंदील धरून पेंगत होते.

इथे गोष्ट संपली असती तर फ्लेक्सवर शोभली असती. महिन्याभरात त्याच हंड्यावरून परत कडाक्याचं भांडण झालं. आज्जी स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली आणि म्हणाली, "पडले गं परत." आणि दोन दिवसांनी परत कंदील.

म्हणून त्या वर तोंड केलेल्या बाणांचा मला इतका राग आला. दुसरं गुणस्थान, सासादन, वर चढताना लागतच नाही! ते फक्त पडताना आहे. सम्यक्त्व सुटलंय, मिथ्यात्वात अजून पोचलो नाही, तो मधला क्षण. खीर ओकून पडल्यावर तोंडात गोडवा रेंगाळतो ना, तसं, असं शास्त्रातच म्हटलंय. पडण्यासाठी वेगळी पायरी ठेवली आपल्या आचार्यांनी, तिला नाव दिलं.

आणि अकरावं! उपशांतमोह. मोह दाबत दाबत जो जीव तिथे पोचतो तो हमखास खाली येतो. निवळीचं बी उगाळून टाकलं की पाणी नितळ दिसतं, पण गाळ तळाशी असतोच. हंडा हलला की झालं. ज्याने गाळ काढूनच टाकला तो अकराव्याला शिवतही नाही, दहाव्यावरून थेट बाराव्याला जातो. मुनीसुद्धा सहाव्या-सातव्यात मुहूर्ताच्या आत खालीवर होत असतात. ज्ञानबाजीच्या, म्हणजे जैन सापशिडीच्या, जुन्या पटांवर शिड्यांबरोबर साप असतात ते उगीच नाही. आम्ही साप काढून टाकले आणि त्या जागी गोल फोटो लावले.

बरं, पोरांना चौदा नावं तरी पाठ झाली, हे खरं. एका चिमुरडीने न अडखळता सगळी म्हटली, 'सूक्ष्मसांपराय'सकट. ऐकून बरं वाटलं. तो फ्लेक्स कोणीतरी रात्रभर जागून केला असेल, तेही खरं. मगाशी जास्तच बोलले. गॉगलवाले काका दरवर्षी पंगतीत स्वतः वाढतात.

आज दादा पुरुषांच्या रांगेत होता. लांबूनच त्याने हात जोडले, मीही जोडले. सकाळी 'उत्तम क्षमा'चं गुलाबी फुलांचं चित्र मी 212 जणांना एकदम पाठवलं, त्यात तोही होता. त्याच्याकडून तेच चित्र आलं. हक्कसोडपत्रावरून बोलणं बंद आहे आमचं. फेब्रुवारीपासून. बस्तीतून येताना रिक्षात बोटं मोजली. सात होतात.

आणि मी माइकवाल्यांना पायरी विचारत होते.

चूक त्याचीच होती, हे लिहिताना अजूनही तसंच वाटतंय. चूक आज्जीच्या जावेचीही होती. हंडा आज्जीच्या माहेरचा होता.

साडेनऊ झालेत. दादा दहाला झोपतो. कॉमेंटला आत्ता उत्तर देणार नाही, फोन लागतोय का बघते.